लोकलच्या गर्दीत वेळ कसा घालवायचा? आधी उभं कुठं आहात ते बघा

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीला मुंबईत फोर्टमध्ये नोकरी लागली आहे. राहायची सोय डोंबिवलीला आत्याकडे. तिचा प्रश्न असा: "जाऊन-येऊन रोज अडीच तास लोकलमध्ये जातात, त्यातला बराचसा उभ्यानंच. एवढ्या गर्दीत बाकीचे लोक वेळ कसा घालवतात? बँकेच्या परीक्षेचा अभ्यास गाडीत होईल का? सोबत काय ठेवू?"

अभ्यास होतो. भाजी निवडून होते, भजन होतं, झोपही होते. पण आपल्या मनात काय करायचं आहे यावर ते ठरत नाही. डब्यात उभं राहायला किंवा बसायला कुठं जागा मिळाली, त्यावरून हात किती मोकळे, डोळे किती मोकळे हे ठरतं आणि त्यावरून काम ठरतं. नवीन माणसं इथंच चुकतात. जाड पुस्तक घेऊन निघतात, दारापाशी अडकतात, पुस्तक बॅगेतून निघतच नाही, आणि चार दिवसांत "गाडीत काही होत नाही" असं ठरवून मोबाइलवर बोट फिरवत बसतात.

आपल्या खानापूर–बेळगाव पॅसेंजरची सवय घेऊन तिथं जाऊ नका. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, मधे इदलहोंड, देसूर. बाकावर सरकून जागा होते, एक पेपर घेतला तर त्याची पानं चौघांत वाटली जातात, ओळखीचं कोण ना कोण भेटतंच. मुंबईत गर्दीच्या वेळी रेल्वेच्या हिशेबातच एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं धरतात. घरातल्या पाटाएवढ्या जागेत दोघं-तिघं उभी आहेत असं समजा. तिथं पेपरचं पान उघडणं म्हणजे शेजारच्याच्या तोंडावर कागद धरणं.

पहिला आठवडा काहीच करू नका. फक्त तुमची गाडी शिका. रोज एकच गाडी, एकच डबा, एकच दार धरा. कुठल्या स्टेशनला प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, डावी-उजवी एवढंच. ही चिठ्ठी पाठ झाली की डोक्यातली निम्मी धास्ती जाते. दर स्टेशनला मान वर करून "उतरणारे कुठून येतील" हे बघावं लागत नाही, आणि तेव्हाच कुठं मन दुसऱ्या कामात लागतं. गाडी स्टेशनात अर्धा मिनिटही धड थांबत नाही, त्यामुळं चुकीच्या बाजूला उभं राहिलात तर उतरणारे तुम्हाला घेऊनच उतरतील.

दुसरी गोष्ट शिकायची ती जागा विचारायची पद्धत. लोकलमध्ये बसलेल्या माणसाला "कुठं उतरणार?" असं सरळ विचारतात, त्यात संकोच नाही. तो "घाटकोपर" म्हणाला आणि आधी कुणी विचारलेलं नसेल, तर घाटकोपरला ती जागा तुमची, हे आजूबाजूच्या सगळ्यांना मान्य असतं. पण नुसतं विचारून भागत नाही. त्याच्या गुडघ्यासमोर, दोन बाकांच्या मधल्या जागेत उभं राहावं लागतं. पॅसेजमधून विचारून ठेवलं तर मधली बाई बसून मोकळी होते, आणि ती चुकली असंही कुणी म्हणत नाही. बरेच नियमित ग्रुप तर अर्ध्या वाटेत जागा बदलतात: डोंबिवली ते ठाणे एक बसणार, ठाण्यानंतर दुसरी. अशा ग्रुपमध्ये सामील झालात तर चांगलंच, पण पहिल्या महिन्यात तुम्ही उठणाऱ्यांत राहा. बसणाऱ्यांत आपोआप घेतलं जातं.

आता जागेवार सांगतो.

दारापाशी अडकलात तर दोन्ही हात गुंतलेले असतात, एक खांबाला आणि एक बॅगेला. डोळ्यांसमोर कुणाचा तरी खांदा. मोकळे असतात फक्त कान आणि डोकं. इथं ऐकायचं किंवा मनात घोळवायचं, तिसरं काही नाही. ऐकायचं ते आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. गर्दीच्या वेळी हजारो फोन एकाच टॉवरवर लोंबकळत असतात, त्यामुळं सिग्नल भरलेला दिसतो पण ऑडिओ अडकत-अडकत येतो. तुकडे दहा-बारा मिनिटांचे निवडा. जलद गाडीला डोंबिवली ते ठाणे चौदाएक किलोमीटर, ठाणे ते घाटकोपर पुन्हा तेवढंच. हे दोन सलग पट्टे खऱ्या कामाचे. कुर्ला, दादर आलं की चढउतारीत लक्ष तुटतं, तिथं नवीन काही सुरू करू नका, ऐकलेलंच उजळा.

आवाजाबद्दल मात्र नीट ऐका, कारण यात नुकसान लगेच कळत नाही. डब्यात खडखडाट आधीच मोठा असतो, म्हणून माणूस इअरफोनचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं की मोठ्या माणसानं आठवड्याला 80 डेसिबलला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि तेच 90 डेसिबलला गेलं तर मर्यादा फक्त 4 तासांवर येते. तुमचे रोजचे अडीच तास धरले तर आठवड्याची ही मर्यादा दुसऱ्याच दिवशी संपते. उपाय महाग नाही. कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोपणांचा इअरफोन घ्या, माप बरोबर निवडा. बाहेरचा आवाज तिथंच अडतो आणि फोनचा आवाज अर्ध्यावर पुरतो. पण एकाच कानात घाला. दुसरा कान उद्घोषणेला आणि "पुढं उतरणार का?" या प्रश्नाला मोकळा हवा. लांब वायर असेल तर ती कुर्त्याच्या आतून घ्या. बाहेर लोंबणारी वायर उतरणाऱ्या माणसाच्या बॅगेत अडकते, आणि वायर तुटली तर नशीब म्हणायचं, कारण नाहीतर फोनच खिशातून ओढला जातो.

आणि दारात फोन हातात धरायचा नाही. रुळांच्या कडेला, विशेषतः गाडी हळू होते तिथं, उभं राहून हातावर काठीचा फटका मारायचा आणि पडलेला फोन उचलायचा, हा चोरीचा जुना प्रकार आहे. फोन गेला हे एक, पण फटक्यानं तोल जाऊन माणूस पडतो हे त्याहून वाईट. असं काही झालंच तर रेल्वे पोलिसांचा 1512 आणि रेल्वेचा 139 हे नंबर लक्षात ठेवा.

पॅसेजमध्ये, वरच्या कडीला धरून उभ्या असाल तर एक हात आणि डोळे मोकळे. परीक्षेच्या अभ्यासाची खरी जागा ही. पुस्तक नाही, कार्डं करा. साधारण साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची जाड कागदाची कार्डं, तळहातात मावतील एवढी. एका कोपऱ्यात भोक पाडून पंचवीस कार्डं एका लोखंडी रिंगमध्ये ओवा, आणि रिंगला दोरी बांधून ती मनगटात अडकवा. दोरी विसरू नका. धक्का बसला की कार्डं सुटतात, आणि पायांच्या जंगलात वाकून ती उचलणं शक्य नसतं. एका कार्डावर एकच गोष्ट: पुढं प्रश्न, मागं उत्तर, तीन ओळींच्या वर नाही. अक्षर अर्धा सेंटिमीटर उंचीचं, काळ्या जाड पेनानं. बारीक अक्षर घरी टेबलावर छान दिसतं, पण गाडीत कार्ड आणि डोळे दोन्ही हलत असतात, ओळ सापडत नाही, डोकं दुखायला लागतं आणि दोष अभ्यासाला जातो.

वापरायची पद्धत अशी. पुढची बाजू वाचा, कार्ड उलटू नका, उत्तर मनात म्हणा, मगच उलटा. तीन दिवस लागोपाठ बरोबर आलं की त्या कार्डाचा मोकळा कोपरा कात्रीनं कापा. कापलेलं कार्ड बोटाला अंधारातही कळतं, ते आठवड्यातून एकदाच बघायचं. रविवारी दहा जुनी कार्डं काढून दहा नवीन ओवायची. रोज नवीन भर घालणाऱ्यांचं काय होतं, तर रिंग फुगते, एका फेरीत संपत नाही, आणि पहिली दहा कार्डंच पुन्हा पुन्हा पाठ होत राहतात.

काय घालायचं यावरही थोडं. गाडीत गणित सोडवायला जाऊ नका, पण गणिताला लागणारा साठा गाडीतच भरावा. तीसपर्यंतचे वर्ग, पंधरापर्यंतचे घन, अपूर्णांकांचे टक्के. एक सप्तमांश म्हणजे 14.28 टक्के, एक अष्टमांश 12.5, एक नवमांश 11.11. हे बँकेच्या परीक्षेत सेकंद वाचवतं, आणि सेकंदच कमी पडतात. दारापाशी अडकल्यावर, कार्डंही काढता येत नसताना, समोर भिंतीवर लिहिलेला डब्याचा नंबर घ्या आणि तो तीनानं, नवानं, अकरानं जातो का हे मनात बघा. इंग्रजी शब्द, बँकिंगच्या संज्ञा, चालू घडामोडी हेही कार्डावर चांगलं बसतं. उतारे, आकृत्या, डेटाचे तक्ते घरी. आणि मळमळ होणाऱ्यांसाठी एक सूचना: डोळे कार्डावर स्थिर असतात आणि कानातली तोलाची यंत्रणा हालचाल सांगत असते, या विसंगतीनं पोटात ढवळतं. दर कार्डानंतर दोन क्षण खिडकीबाहेर लांब बघा, आणि शक्यतो गाडीच्या दिशेला तोंड करून उभ्या राहा.

पेपर वाचायची हौस असेल तर घडी घालायला शिका. मुंबईकर ही घडी न बघता घालतात. पेपर पूर्ण उघडायचाच नाही. एक पान आधी उभं दुमडा, म्हणजे सोळा-सतरा सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी होते, मग ती आडवी मधोमध. हातात वहीपेक्षा थोडं लांब असं चौपदरी पान येतं, एका हातात धरता येतं. ते वाचून झालं की आतून बाहेर उलटं करायचं, तसे चार भाग. हे प्लॅटफॉर्मवरच करून डब्यात चढायचं. शब्दकोडं सोडवणार असाल तर बॉलपेन ठेवू नका. उभ्यानं कागद छातीसमोर धरून लिहिताना पेनाचं टोक वर जातं, शाई खाली बसते आणि चार अक्षरांत पेन कोरडं पडतं. टोपण असलेली आखूड 2बी पेन्सिल आणि मागं पुठ्ठा. पेन्सिल टोपणाशिवाय खिशात ठेवू नका, गर्दीत ती दुसऱ्याला टोचते.

दोन बाकांच्या मधे उभी राहायला मिळालं तर पुस्तकही चालतं. पाठीमागून धक्का कमी, वरच्या रॅकला एक हात, दुसऱ्या हातात पुस्तक. दोनशे पानांच्या आतलं, मऊ पुठ्ठ्याचं, अंगठा मधे घालून एका हातानं उघडं राहील असं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं जाडजूड बांधीव पुस्तक या प्रवासाला न्यायचं नाही, त्याची शिवण तिथं सुटते आणि मनाला लागतं. पोथी, स्तोत्र वाचणाऱ्या बायका तुम्हाला रोज दिसतील. त्या पानांची झेरॉक्स मोठी करून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतात, मूळ पोथी देवघरातच. जप करणाऱ्या बायका माळेऐवजी बोटात घालायचं मोजणीचं छोटं यंत्र वापरतात. एकशेआठ मण्यांची माळ गर्दीत अडकून तुटली की मणी डब्यात पसरतात आणि उगाच जिवाला रुखरुख.

बाकावर तिघांची जागा असते आणि चौथा कडेला टेकतो. ही "चौथी सीट" फसवी. बसल्यासारखं वाटतं, पण अर्ध्या अंगाचा भार पॅसेजमध्ये रोवलेल्या पायावर असतो आणि मांडी उतरती राहते. इथं मांडीवर काही पसरायला जाऊ नका. हातात धरायचंच काम: कार्डं, फोन.

पूर्ण सीट मिळाली की मग घरची कामं. लेडीज डब्यात भाजी निवडणं ही परतीच्या गाडीतली जुनी रीत आहे. 1992 साली पश्चिम रेल्वेनं चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, तशा गाड्यांत तर भाजी, विणकाम, वाढदिवस सगळंच चालतं. पण कुठली भाजी, याला नियम आहेत. मटार सगळ्यात सोयीचा. अर्धा किलो शेंगांना निवांत वीस मिनिटं लागतात आणि दाणे दोनशे ते अडीचशे ग्रॅम निघतात. मांडीवर कापडी पिशवी तोंड उघडून ठेवायची, शेंगा त्यात, सोललेले दाणे झाकणाच्या डब्यात, आणि टरफलं त्याच पिशवीत खाली. तीन भांडी मांडलीत तर पहिल्या ब्रेकला दाणे जमिनीवर. शेंग देठाकडून नव्हे, टोकाकडून दाबायची, म्हणजे ती फुटते आणि दाणे आतच राहतात, उडत नाहीत.

गवार, घेवडा हातानं मोडता येतो, शिरा निघतात, चालतं. मेथी चालते, पण कोरडी असली तरच. पाणी मारलेली जुडी निवडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली तर पानांतली ऊब आणि ओल आत कोंडते आणि घरी जाईपर्यंत पाला काळा पडतो. कापडी पिशवीत सैल ठेवा. लसूण फक्त पाकळ्या सुट्या करण्यापुरता. सोलायला बसलात तर बंद हवेत वास पसरतो आणि दमलेल्या माणसांना तो नको होतो. भेंडी, कांदा, अळू नाही. सुरी तर बॅगेतून काढायचीच नाही. गाडी हिसका देते आणि चहूबाजूंनी माणसं. माती लागलेली कोथिंबीरही नको. कचरा शेवटपर्यंत आपल्या पिशवीतच. बाकाखाली टाकलेलं एक टरफल दुसऱ्या दिवशी सगळ्या भाजी निवडणाऱ्यांना बोल लावतं.

विणकामाला दोन सुयांपेक्षा क्रोशे बरा. स्वेटरच्या सुया तीस-पस्तीस सेंटिमीटरच्या, टोक शेजारणीच्या कुशीत जातं. क्रोशाची सुई पंधरा सेंटिमीटर, चार मिलिमीटर जाडीची घेतली तर साध्या लोकरीला पुरते आणि कोपर अंगाला लावूनच हात चालतो. मोठी शाल सुरू करू नका. आठ-दहा सेंटिमीटरचे चौकोन करा, एक चौकोन एका सलग पट्ट्यात होतो, आणि शंभर चौकोन जमले की सुट्टीत जोडायचे. लोकरीचा गुंडा नाडीच्या पिशवीत, धागा फक्त तोंडातून बाहेर. गुंडा पडला की तो नेमका दाराकडं घरंगळतो. स्टेशन आलं की शेवटचा टाका ओढून पाच-सहा सेंटिमीटर लांब करा आणि त्यात सेफ्टी पिन अडकवा. तसंच पिशवीत कोंबलं तर सुई निसटते आणि उसवत जातं.

भजनाबद्दल जरा विस्तारानं लिहितो, कारण आपल्या भागातल्या मुलांना ते जवळचं वाटेल. खानापूर-बेळगाव पट्ट्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत, देवळात बसून टाळ धरायची सवय लहानपणापासून असते. लोकलमध्ये ठरावीक गाडीत, ठरावीक डब्यात आठ-दहा जणांपासून पंधरा-वीस जणांपर्यंत मंडळ असतं. साहित्य लहान असतं: ढोलकी किंवा खंजिरी, आणि दोन-तीन झांजा. मोठे टाळ पत्र्याच्या डब्यात कानठळ्या बसवतात. जाणकार मंडळी टाळाची दोरी आखूड धरतात आणि सपाट न आपटता कडेला कड लावतात, आवाज निम्म्यावर येतो आणि लयही स्पष्ट राहते. सुरुवात गजरानं, मग रूपाचा अभंग, दोन-तीन अभंग, एखादी गौळण, आणि उतरायच्या आधी आरती. पाऊण तासात सहा-सात रचना बसतात. एकजण ओळ सांगतो, बाकीचे उचलतात, त्यामुळं पाठांतर नसलेल्यालाही सूर लावता येतो. गाडी स्टेशनात शिरली की आवाज खाली, म्हणजे उद्घोषणा ऐकू जाते. दसऱ्याच्या सुमाराला हेच लोक डब्याला तोरण बांधून पूजा करतात.

मंडळात शिरायचं असेल तर पहिले काही दिवस नुसती टाळी धरा, विचारल्याशिवाय वाद्याला हात लावू नका. आणि यात बिघडतं कुठं तेही सांगायला हवं. भांडणं भजनावरून होत नाहीत, जागा अडवण्यावरून होतात. रुमाल टाकून मंडळासाठी बाक राखून ठेवायचा, हे साध्या सेकंड क्लासच्या डब्यात कुणालाच करता येत नाही. ते आरक्षित डबे नव्हेत. रात्रपाळी करून आलेला, आजारी, अभ्यास करणारा असे लोक त्याच डब्यात असतात. कुणी विनंती केली तर दोन रचना हळू आवाजात म्हणणारं मंडळ वर्षानुवर्षं टिकतं. ज्यांनी हे पाळलं नाही त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आहेत, आणि इतरांना उपद्रव होईल असं वागणं हा रेल्वे कायद्यातला गुन्हाच आहे.

पत्त्यांचं थोडक्यात. चौघं समोरासमोर, गुडघ्यांवर बॅग आडवी, त्यावर रुमाल घट्ट ताणलेला, म्हणजे पानं घसरत नाहीत. मेंढीकोट चालतो, तिघंच असाल तर तीन-दोन-पाच, कारण डाव लवकर संपतो. रमी लांबते. पैसे लावून खेळायचं नाही आणि असा अड्डा दिसला तर तिथं नुसतं बघतही उभं राहायचं नाही.

झोप हा वेळ वाया घालवणं नव्हे. पहाटे उठणाऱ्याला वीस मिनिटांची डुलकी पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाची. बॅगेचा पट्टा पायात किंवा हातात अडकवा, फोन आतल्या कप्प्यात, आणि गजर थरथरणारा लावा, उतरायच्या दहा मिनिटं आधीचा. स्टेशन आल्यावर जाग येऊन उपयोग नाही. दादरला उतरायचं तर कुर्ल्याच्या आधीच उठून दाराकडं सरकावं लागतं. खिडकीच्या चौकटीला डोकं टेकणार असाल तर ओढणीची चौपदरी घडी मधे घाला, नाहीतर प्रत्येक सांध्याचा धक्का कवटीत बसतो. गाडी उशिरानं धावत असेल तर गजर आधी वाजेल, ते चालतं. रविवारी मेगाब्लॉकला, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात तेव्हा मात्र जलद गाडी धिम्या मार्गावर जाते आणि सगळे अंदाज चुकतात, त्या दिवशी शेजारणीला सांगून झोपा.

वातानुकूलित लोकलची गोष्ट वेगळी. पहिली 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम मार्गावर धावली, आता मध्य मार्गावरही आहेत. दारं बंद असल्यामुळं खडखडाट कमी, वारा नाही, कागद उडत नाही. पुस्तक आणि ऐकणं दोन्हीला उत्तम, पण पास बराच महाग. परीक्षेआधीचा एखादा महिना काढायला हरकत नाही.

बेळगावातली जी मुलं बेंगळुरूला जातात त्यांनी यातलं ऐकण्याचं आणि कार्डांचं घ्यावं, भाजी-पत्ते-भजन सोडून द्यावं. मेट्रोत स्टेशनं दोन-दोन मिनिटांवर येतात, म्हणून ऑडिओही पाच मिनिटांचा. त्यांना एक आवर्जून सुचवतो: स्टेशनची उद्घोषणा कन्नडमध्ये होते ती रोज मनातल्या मनात म्हणा. "मुंदिन निल्दाण", म्हणजे पुढचं स्टेशन, इथून सुरू करा. दिशा, अंक, वेळ, चढा-उतरा एवढे शब्द महिनाभरात तोंडात बसतात. सीमाभागात राहून कानावर पडलेलं कन्नड बोलायला लागायची ही सोपी वाट आहे. रायबाग, कुडची, घटप्रभेकडून बेळगावला रोज येणाऱ्यांनी तर समोर बसलेल्या माणसाशीच बोलावं, त्याहून चांगली शिकवणी नाही. लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉककडं जाणाऱ्यांनी मात्र ऐकायचं आधीच उतरवून घ्यावं, जंगलात नेटवर्क तुटतं. आणि पावसाळ्यात खानापूर पट्ट्यात खिडक्यांची पत्र्याची शटर ओढली की डब्यात अंधार होतो, तेव्हा कार्डं नाहीत, कानच.

आता तुमची बॅग. छातीवर घ्यायची सॅक, रुंदीला तुमच्या खांद्यांपेक्षा जास्त नको. पुढच्या छोट्या कप्प्यात कार्डांची रिंग आणि इअरफोन, म्हणजे एका हातानं न बघता निघतील. गर्दीत मुख्य चेन उघडता येत नाही, हे धरून चाला. आत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, झाकण घट्ट, डबा उभाच राहील असा, एक रिकामी कापडी पिशवी आणि दहा हजार एमएएचची पॉवर बँक. पास फोनमध्ये असेल तर बॅटरी संपणं म्हणजे विनातिकीट ठरणं, त्यामुळं पॉवर बँक अभ्यासासाठी नसली तरी यासाठी हवीच.

आणि गावाहून परतताना: हुबळी–दादर एक्स्प्रेसनं दादरला सकाळी उतरलात आणि हातात तांदळाची पिशवी, कुंद्याचा (बेळगावची दुधाची मिठाई) डबा असं सगळं असेल, तरी घाई करू नका. डोंबिवलीकडं जाणारी गाडी सकाळी तुलनेनं मोकळी असते, गर्दी मुंबईकडं येणाऱ्या गाडीला. पण पूल आणि प्लॅटफॉर्म दोन्हीकडच्या माणसांनी भरलेले असतात. जिन्याच्या कडेनं चढा, एखादी गाडी सोडा, सामान जास्त असेल तर लगेजचा डबा कुठं लागतो ते प्लॅटफॉर्मवर आधी विचारून तिथंच उभ्या राहा. गाडी आल्यावर पळत गेलात तर कुंद्याचा डबा दाबला जातो आणि आत्याकडं पोचेपर्यंत झाकण सुटलेलं असतं.